आधी शिंग फुंकू, मग बोलू

जेरुसलेममधल्या मंदिराच्या टेकडीच्या नैर्ऋत्य कोपऱ्याखाली एक जुना फरसबंद रस्ता आहे. १९६८ साली बेंजामिन मझार यांच्या उत्खननात त्या रस्त्यावर एक घडीव दगड सापडला. दगड मूळचा तिथला नव्हता, तटाच्या माथ्यावरून खाली आला होता. त्यावर कोरलेले पहिले हिब्रू शब्द स्वच्छ वाचता येतात: ‘फुंकण्याच्या जागेसाठी’. पुढचा शब्द मध्येच तुटला आहे. इतिहासकार जोसेफस सांगतो, की शुक्रवारी दुपार कलली की एक पुरोहित मंदिराच्या उंच जागी उभा राहून तुतारी फुंकायचा. लोक हातातली कामे खाली ठेवायचे आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, लागायचा. शनिवारी संध्याकाळी पुन्हा तुतारी झाली की कामाला लागायचे.

इ.स. ७० च्या उन्हाळ्यात रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने मंदिर जाळले, तटाचे दगड ढकलून दिले आणि फुंकण्याची जागाच रस्त्यावर येऊन पडली.

मंदिर गेल्यावर यहुदी धर्म ‘पुस्तकाचा धर्म’ झाला, यज्ञाच्या जागी प्रार्थना आली, पुरोहिताच्या जागी रब्बी, म्हणजे धर्मशास्त्राचा गुरू, आला, असे एका दमात सांगायची पद्धत आहे. त्यात खोटे काही नाही. पण पुरोहिताची जागा रब्बीला दिली कोणी? कोणत्या दिवशी, कोणासमोर, कोणत्या मुद्द्यावर? ते समजण्यासाठी मला एका शनिवारचे छोटेसे प्रकरण फार उपयोगी वाटते. त्यातही फुंकण्याचाच वाद आहे. फक्त तुतारी नाही, मेंढ्याचे शिंग.

थांबले ते काय

जेरुसलेमचे मंदिर ही नुसती पूजेची जागा नव्हती. रोज सकाळी आणि दुपारी एकेक कोकरू वेदीवर चढत होते. पापाचे प्रायश्चित्त तिथेच व्हायचे. वर्षातून तीनदा, म्हणजे पेसाह, शावुओथ आणि सुक्कोथ या सणांना, गावोगावचे लोक चढण चढून यायचे. दूरदेशीचे यहुदीही दर वर्षी मंदिराची पट्टी म्हणून अर्धा शेकेल पाठवायचे. पुरोहितांची पाळी, मंदिरसेवक लेवींचे गाणे, सगळे ठरलेले. आणि हे दुसरीकडे उभारण्याची सोय नव्हती, कारण बळी द्यायचा तो एकाच ठिकाणी, असे धर्मशास्त्रच होते.

रोमनांना ही मेख पुरती कळली होती. अर्धा शेकेल बंद न करता त्यांनी तो वळवला. दर यहुदी माणशी वर्षाला दोन दिनार, आणि तेही रोममधल्या ज्युपिटरच्या देवळासाठी. पूर्वी फक्त प्रौढ पुरुष देत होते, आता बायकामुलांनाही तो लागू झाला. पैसा देवाच्याच नावाने जात राहिला, देव तेवढा बदलला. इजिप्तमध्ये लिओन्टोपोलिसला यहुद्यांचे एक दुय्यम मंदिर दोनशेहून जास्त वर्षे चालू होते. सम्राट वेस्पासियनच्या हुकमाने तेही काही वर्षांतच बंद करण्यात आले. रोममधल्या टायटसच्या कमानीवर मंदिरातली सात फाट्यांची समई खांद्यावर घेऊन निघालेले सैनिक आजही दिसतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. अशी वेळ पहिल्यांदाच आली नव्हती. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरने पहिले मंदिर पाडले होते आणि सुमारे ७० वर्षांनी दुसरे उभे राहिले होते. त्यामुळे इ.स. ७० नंतर जगलेल्या माणसाला ‘आता मंदिर कायमचे गेले’ असे वाटण्याचे कारण नव्हते. आपल्याला पुढची कथा ठाऊक आहे, त्यांना नव्हती. पुढचा प्रत्येक निर्णय मंदिर उद्या परत उभे राहील असे गृहीत धरून घेतलेला आहे. हे विसरले की त्या निर्णयांचा अर्थच उलटा लागतो.

यावने

योहानान बेन झक्काई हा परुशी पंथाचा म्हातारा गुरू. वेढा पडलेल्या जेरुसलेममधून शिष्यांनी त्याला मढे म्हणून तिरडीवरून बाहेर काढले, त्याने तेव्हा सेनापती असलेल्या वेस्पासियनला ‘तू सम्राट होशील’ असे सांगितले आणि बदल्यात ‘यावने आणि तिथले विद्वान मला दे’ एवढेच मागितले, अशी गोष्ट तालमूदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या संग्रहात, आहे. गोष्ट सुंदर आहे, पण ती शेकडो वर्षांनंतर लिहिली गेली. वेस्पासियनला सम्राटपदाचे भविष्य सांगितल्याचा दावा जोसेफसही स्वतःबद्दल करतो. दोन्ही खरे मानले तर वेस्पासियनच्या छावणीबाहेर यहुदी ज्योतिषांची रांग लागली होती असे म्हणावे लागेल. जोसेफसच्याच लिखाणात आणखी एक साधी नोंद आहे: शरण आलेल्या लोकांना वेस्पासियनने यावनेसारख्या गावांत नेऊन बसवले. म्हणजे यावने हे वरदान म्हणून मिळालेले विद्यापीठ असण्यापेक्षा शरणार्थींचे गाव असण्याची शक्यता जास्त. समुद्रकिनाऱ्याच्या सपाटीवरचे, द्राक्षमळ्यांचे, पूर्वी राजघराण्याच्या खासगी मालकीचे गाव. तिथे कोणीही मंदिर बांधायचा विचार केला नाही. तिथे बसले ते बेथ दीन, म्हणजे न्यायमंडळ.

त्या शनिवारी

रोश हशाना म्हणजे यहुदी वर्षारंभ. त्या दिवशी शोफार, मेंढ्याचे शिंग, फुंकायचे ही तोरेची, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राची, आज्ञा. पण वर्षारंभ शनिवारी आला तर? शब्बाथला वाजवणे वर्ज्य. यावर जुना तोडगा असा होता: शनिवारी आलेल्या रोश हशानाला मंदिरात शिंग फुंकायचे, मंदिराबाहेर मुलखात नाही. शब्बाथला ओलांडून जाण्याचा अधिकार त्या एका जागेला होता.

मंदिर पडले आणि एका वर्षी रोश हशाना शनिवारी आला. आसपासच्या गावांतून लोक यावनेत जमले. बाबिलोनी तालमूदात पुढचा प्रसंग चार ओळींत आहे. योहानान बेथेराच्या मुलांना, म्हणजे त्या घराण्यातल्या विद्वानांना, म्हणाला, ‘फुंकू या.’ ते म्हणाले, ‘आधी चर्चा करू.’ तो म्हणाला, ‘आधी फुंकू, मग चर्चा करू.’ शिंग फुंकले गेले. ते म्हणाले, ‘आता चर्चा करू.’ तो म्हणाला, ‘यावनेत शिंग ऐकू गेले. घडून गेलेल्या गोष्टीवर आता वाद कसला?’

आपल्या सरकारी मराठीत याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. गृहनिर्माण सोसायटीच्या सभेला बसलेल्या कोणालाही हा डाव नवा वाटणार नाही. गंमत म्हणजे हा डाव झाकायची कोणालाच गरज वाटली नाही. ज्या परंपरेने पुढे वादविवाद हाच धर्म मानला, एकेका शब्दावर पानेच्या पाने खर्ची घातली, तिने स्वतःच्या उगमाशी मात्र एक न झालेली चर्चा जपून ठेवली आहे.

पण बेथेराची मुले हट्टी किंवा मंद होती म्हणून म्हाताऱ्याने त्यांना चकवले, असे वाचू नये. त्यांचा आक्षेप बिनतोड होता. हा अधिकार मंदिराचा होता. मंदिर नाही म्हणजे अधिकार नाही. तो यावनेच्या मंडळाकडे आला असे म्हणायला आधार काय? आणि चर्चा झाली असती तर योहानानकडे उत्तर नव्हते असे मला वाटते. शास्त्राच्या उताऱ्यातून हे सिद्ध होणारे नव्हते. ज्या मंडळाच्या अधिकाराबद्दल वाद, त्याच मंडळाने वादाचा निकाल कसा द्यायचा? तिथे फक्त कृती करता येत होती, आणि जमलेल्या लोकांनी ती ऐकली की पुरे होते. शिंग ऐकायला माणसे आली होती, हाच आधार.

या घराण्याची आधीचीही एक आठवण तालमूदात आहे. वल्हांडणाच्या, म्हणजे पेसाहच्या कोकराचा दिवस शनिवारी आला, बळी द्यायचा की नाही हे बेथेराच्या मुलांना आठवेना. तेव्हा बाबिलोनहून आलेल्या हिल्लेल या विद्वानाने उत्तर दिले आणि त्यांनी आपले पुढारपण त्याला देऊन टाकले. योहानान हा हिल्लेलच्याच परंपरेतला. दोन्ही वेळा सण आणि शनिवार यांची गाठ, दोन्ही वेळा तेच घराणे. हे इतके नेटके जुळते की कथाकारांनी जुळवून घेतले असावे असा संशय येतो. येऊ दे. आठवण कोणत्या गोष्टीची ठेवायची हे ठरवणाऱ्यांना नेमके काय महत्त्वाचे वाटत होते, ते तरी यातून कळते.

आता यातला बारीक भाग. मिश्ना, म्हणजे इ.स. २०० च्या सुमारास यहूदा हानासीच्या हाताखाली सिद्ध झालेला नियमसंग्रह, हाच निर्णय नोंदवतो आणि लगेच त्याला कुंपण घालतो. एक मत असे, की योहानानने ही मुभा फक्त यावनेपुरती दिली. त्यावर बाकीचे म्हणतात, यावने काय आणि न्यायमंडळ असलेले दुसरे गाव काय, सारखेच. आणि पुढची ओळ सांगते, की याही बाबतीत जेरुसलेम यावनेहून वरचढ होते: जेरुसलेम जिथून दिसे, जिथे तिथला आवाज पोचे, जे जवळ असे आणि जिथून येता येई, अशा भोवतालच्या गावांतही फुंकता येत होते. यावनेत मात्र फक्त न्यायमंडळापुढे. अधिकार घेतला, पण पुरा घेतला नाही. मुद्दाम उणा ठेवला.

उणे ठेवण्याची रीत

योहानानच्या नावावर असे नऊ ठराव परंपरेने मोजले आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हा उणेपणा दिसतो. सुक्कोथला खजुराच्या झावळीचा जुडगा मंदिरात सात दिवस धरत, बाहेर एकच दिवस. त्याने सगळीकडे सात दिवस केले, ‘मंदिराच्या आठवणीसाठी’. मंदिरात पुरोहित अनवाणी सेवा करत. आता सभागृहात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, आशीर्वाद द्यायला चढतानाही त्यांनी वहाणा काढाव्यात असे त्याने ठरवले. पुरोहितांचा आशीर्वाद आजही वहाणा काढूनच दिला जातो.

नव्या धान्याचा ठराव मला सर्वांत बोलका वाटतो. मंदिर असताना जवाची पहिली पेंढी अर्पण झाली की त्याच दिवशी नवे धान्य खायला मोकळे व्हायचे. मंदिर नाही तर पेंढी नाही, मग पहाटेपासूनच खाता यायला हवे. योहानानने तो सबंध दिवस वर्ज्य केला. तालमूद कारण देते: मंदिर लवकरच बांधले जाईल आणि लोक म्हणतील, ‘गेल्या वर्षी आम्ही पहाटेच खाल्ले होते, यंदा का नाही?’ म्हणजे मंदिर एका हंगामातून दुसऱ्या हंगामात कधीही उभे राहील याची तजवीज. ही माणसे मंदिराला पर्याय शोधत नव्हती. त्याची जागा धरून ठेवत होती, गर्दीच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरतात तशी.

उलट जिथे नियम केवळ मंदिराच्या अडचणीपोटी आला होता तिथे त्याने तो काढूनही टाकला. नवा महिना चंद्रकोर पाहिलेल्यांच्या साक्षीवर ठरे. हे साक्षीदार एकदा उशिरा आले आणि लेवींची दिवसाची गाणी चुकली, म्हणून साक्ष दुपारपर्यंतच घ्यायची असे पूर्वी ठरले होते. आता गाणारे लेवी नव्हते. दिवसभर साक्ष घ्या, तो म्हणाला. गाभ्यातले काय आणि सोयीचे काय, याची ही निवड फार शांत डोक्याने केलेली आहे.

सगळ्यांना ही शांतता जमली नाही. मंदिर गेल्यावर काही लोकांनी मांस आणि द्राक्षरस सोडला. योहानानचा शिष्य यहोशुआ याने त्यांना विचारले, का? ते म्हणाले, जे वेदीवर चढत होते आणि ओतले जात होते ते आम्ही कसे घ्यावे? मग भाकरीही सोडा, तो म्हणाला, अर्पणाच्या भाकरी होत्याच. फळेही सोडा, पहिली फळे जात होतीच. पाणीही सोडा, तेही वेदीवर ओतत होते. ते गप्प झाले. तेव्हा तो म्हणाला, मुळीच शोक न करणे शक्य नाही आणि अति शोक करणेही शक्य नाही. माणसाने घराला गिलावा करावा, पण थोडीशी जागा तशीच सोडावी, जेरुसलेमच्या आठवणीसाठी.

भिंतीवरचा तो बिनगिलाव्याचा तुकडा. पेसाहच्या रात्री कोकरू नाही, पण योहानाननंतरचा प्रमुख रब्बान गमलिएल म्हणतो की कोकराचा उल्लेख केल्याशिवाय सण पुरा होत नाही. बेखमीर भाकरी आहे, कडू भाजी आहे आणि तिसऱ्या गोष्टीचे नुसते नाव. जेवणाच्या मधोमध मुद्दाम ठेवलेली रिकामी जागा.

काठी आणि पैसे

शिंगाच्या वादात जो प्रश्न टाळला गेला तो पुढच्या पिढीत उभा राहिलाच. योहानाननंतर यावनेत रब्बान गमलिएल प्रमुख झाला. त्याच्याच काळात रोजच्या प्रार्थनेच्या अठरा आशीर्वचनांची घडी बसली असे परंपरा सांगते. एकदा त्याने नवचंद्राची अशी साक्ष मान्य केली की ती उघड खोटी होती: साक्षीदार म्हणाले आदल्या रात्री चंद्र दिसला, आणि दुसऱ्या रात्री आकाशात काही नव्हते. दोसा बेन हर्किनास हा विद्वान म्हणाला, बाई बाळंत झाली म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पोट तसेच हनुवटीला टेकलेले, ही कसली साक्ष! यहोशुआला ते पटले. पण महिना चुकला म्हणजे योम किप्पूरचा दिवस चुकला. गमलिएलने यहोशुआला निरोप धाडला: तुझ्या हिशेबाने जो योम किप्पूर आहे, त्या दिवशी काठी आणि पैसे घेऊन माझ्यापुढे हजर हो.

यातली बोच समजून घ्यावी. वर्षातला सर्वांत पवित्र, उपासाचा दिवस. त्या दिवशी काठी टेकत, कनवटीला पैसे लावून प्रवास करायचा, म्हणजे स्वतःचा हिशेब सर्वांसमोर खोटा पाडायचा. रब्बी अकिवाने त्याची समजूत घातली, की मंडळाने जाहीर केले तेच सण, वेळेवर असोत वा नसोत. दोसा स्वतः म्हणाला, या मंडळावर शंका घ्यायची तर मोशेपासूनच्या प्रत्येक मंडळावर घ्यावी लागेल. यहोशुआने काठी उचलली आणि यावनेला गेला. गमलिएल उठला, त्याच्या डोक्याचे चुंबन घेतले आणि म्हणाला, ‘ये, माझ्या गुरू आणि माझ्या शिष्या. ज्ञानात गुरू, आणि माझे ऐकलेस म्हणून शिष्य.’

मंदिर होते तेव्हा काळाचा हिशेब एका जागेला बांधलेला होता. आता तो एका बैठकीच्या शब्दाला बांधला गेला, आकाशात चंद्र नसला तरी. हे भयंकर आहे आणि आवश्यकही आहे. गावोगाव वेगळ्या दिवशी उपास सुरू झाला असता तर लोक एक राहिले नसते. तालमूद असेही सांगते, की यहोशुआचा वारंवार अपमान केला म्हणून याच गमलिएलला पुढे सभेने काही काळ पदावरून उतरवले. पुरोहिताला असे उतरवता आले नसते. त्याचे पद जन्माचे. मिश्नेत ज्ञानाची परंपरा मोशेपासून यहोशवा, वडीलधारे, संदेष्टे, महासभा अशी सांगितली आहे. त्या साखळीत पुरोहितांचा वर्ग म्हणून कुठेच येत नाही. कोणी काही बोलले नाही, फक्त नाव घेतले नाही.

या प्रकरणातून काय दिसत नाही

एवढ्यावरून यावनेच्या सहीने सगळे यहुदी हलत होते असे समजणे चूक. मूठभर विद्वानांचे हे वर्तुळ होते. अलेक्झांड्रियापासून रोमपर्यंत पसरलेले ग्रीक बोलणारे यहुदी आपापल्या सभागृहांत आपापल्या पुढाऱ्यांच्या हाताखाली जगत होते, आणि ही सभागृहे मंदिर असतानाही होतीच. जेरुसलेममध्येच सापडलेला थेओदोतोसचा ग्रीक शिलालेख सांगतो, की त्याने सभागृह बांधले ते नियमशास्त्राच्या वाचनासाठी, आज्ञांच्या शिकवणीसाठी आणि परदेशी पाहुण्यांच्या उतरण्यासाठी. रब्बींचा शब्द चालू लागायला शतके गेली.

आणि वाट पाहणे सर्वांना पटलेही नाही. १३२ ते १३५ मध्ये बार कोखबाने रोमविरुद्ध उठाव केला. त्याच्या नाण्यांवर मंदिराचा दर्शनी भाग आहे. अकिवाने त्याला पाठिंबा दिला असे परंपरा सांगते. उठाव चिरडला गेला आणि यहुद्यांना जेरुसलेममध्ये पाऊल टाकायची बंदी झाली. त्यानंतरच्या मिश्नेत सहांपैकी एक सबंध विभाग बळींच्या नियमांचा आहे, एका प्रकरणात मंदिराच्या दारांची आणि अंगणांची हातांत मापे दिली आहेत. नकाशा कागदावर तयार ठेवला.

आपल्याकडे या कहाणीचा एक धागा कोकणात पोचतो. रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, यावनेच्या चर्चांपासून दूर पडले होते. तालमूद नाही, रब्बी नाही, हनुक्का हा दिव्यांचा सण माहीत नाही. तरी शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवले शनिवार तेली. सुंता होती, ‘ऐक, हे इस्राएला’ ही शमा नावाची प्रार्थना होती. मंदिर पडल्याचा अव महिन्यातला उपासही त्यांच्यात होता, आणि त्याचे नाव काय तर बिरड्याचा सण. दोन हजार वर्षांपूर्वीच्या जळीताचा शोक वालाच्या बिरड्याने लक्षात ठेवलेला. बिनगिलाव्याच्या भिंतीशी त्याचे नाते मला लगेच दिसते. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग बांधले, त्यालाही लोक मशीदच म्हणत.

राहता राहिले ते शिंग. योहानानने जिंकलेला मुद्दा टिकला नाही. ज्या न्यायमंडळापुढे फुंकायची मुभा होती ती मंडळेच काळाच्या ओघात उरली नाहीत, आणि बाबिलोनच्या रब्बींना भीती वाटली की फुंकता न येणारा माणूस शिंग घेऊन शिकायला रस्त्याने चालत जाईल आणि शब्बाथ मोडेल. १६ सप्टेंबर २०२३ रोजी रोश हशाना शनिवारी आला. जगभरच्या बहुतेक सनातनी सिनेगॉगमध्ये त्या दिवशी शिंग वाजले नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी वाजले.